शिरस्त्राण डोक्यावर का बसत नाही? फोमशीटपासून घरी बनवण्याची पूर्ण कृती

19 फेब्रुवारीच्या मिरवणुकीत घरी बनवलेली शिरस्त्राणं हल्ली बरीच दिसतात. मिरवणूक मेन रोडला पोचेपर्यंत त्यातली कितीतरी डोक्यावरून उतरून हातात आलेली असतात. विचारलं की उत्तरं ठरलेली: घट्ट होतं, कपाळाला रुततं, मागे कलंडतं, वरचा सांधा उघडला. रंग चांगला नाही अशी तक्रार मात्र कोणी करत नाही, कारण सगळी मेहनत तिथेच गेलेली असते. म्हणून इथे माप आणि कामाचा क्रम यांवर जास्त बोलू. रंगकाम शेवटी आणि थोडक्यात.

आपण बनवणार आहोत तो मराठा काळातला नेहमीचा घाट: गोलसर, वर किंचित टोकदार टोप, कपाळाभोवती पट्टा, नाकपट्टी, समोर तुरे खोचायच्या दोन नळ्या आणि मानेवर कड्यांची जाळी. चित्रांत दिसणारा जिरेटोप वेगळा, त्याची कृती यात नाही. इंटरनेटवरच्या चित्रांवरून नक्कल करण्यापेक्षा मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं केळकर संग्रहालय इथली खरी शिरस्त्राणं बघून या. नाकपट्टी कुठे सुरू होते आणि जाळी कुठून लटकते, हे समोरून, बाजूने आणि मागून बघितल्याशिवाय कळत नाही.

सामान आणताना

मुख्य वस्तू म्हणजे ईव्हीए फोमशीट. टोपासाठी 6 मिमी जाडीची आणि नक्षी-किनारीसाठी 2 मिमीची. इथेच पहिली गफलत होते. पॅकिंगचा पांढरा, बुडबुड्यांचा फोम स्वस्तात मिळतो, पण तो वेगळा. त्याला आकार धरवत नाही, गोंद नीट धरत नाही आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. ओळखायचं कसं? ईव्हीएवर नख दाबलं की खूण हळूहळू भरून येते आणि कापलेली कड चपलेच्या तळव्यासारखी घट्ट दिसते. लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या कोड्यासारख्या जोडायच्या चटया बहुधा ईव्हीएच्याच असतात. त्या 10 ते 12 मिमी जाड असतात, आतल्या गादीसाठी उत्तम. योगा मॅट मात्र वापरू नका. ती पुष्कळदा पीव्हीसीची असते आणि तापवली की घातक धूर सोडते.

बाकी सामान: रबरी सोल्यूशन (फेव्हिबॉण्डसारखं, दोन्ही बाजूंना लावून चिकटवायचं), पांढरा फेविकॉल, पात्याचा कटर आणि भरपूर जादा पाती, स्टीलची पट्टी, कापडी टेप, मास्किंग टेप, कार्डशीट, हीट गन, ॲक्रिलिक सीलंटची नळी, ॲक्रिलिक रंग. हीट गनऐवजी केस वाळवायचं मशीन चालणार नाही, त्याची उष्णता पुरत नाही. एक गोष्ट कोणाच्या यादीत नसते, ती म्हणजे 4 नंबरचा फुटबॉल. त्याचा घेर 63.5 ते 66 सेंमी असतो. मोठ्या माणसाच्या शिरस्त्राणाचा घेरही जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे साचा म्हणून त्याला तोड नाही. मोठ्यांचा 5 नंबरचा बॉल 68 ते 70 सेंमीचा असतो. तो सैल पडतो.

सावधान: थर्माकोलवर यातलं काहीही करायला जाऊ नका. रबरी सोल्यूशन आणि स्प्रे पेंट दोन्ही थर्माकोल खातात.

1. माप आणि त्यात मिळवायचे 8 सेंमी

टेप भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवा. समजा घेर 57 सेंमी आला. आता बहुतेक जण 57 सेंमीचा टोप कापतात आणि तिथेच काम बिघडतं.

डोकं आणि फोम यांमध्ये सरासरी 1 सेंमीची गादी लागते. त्रिज्या 1 सेंमीने वाढली की घेर 6.3 सेंमीने वाढतो. फोमला स्वतःची 6 मिमी जाडी आहे. वाकवल्यावर त्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणते, म्हणून माप जाडीच्या मध्यावर धरायचं. त्याचे आणखी 1.9 सेंमी. एकूण 8 सेंमीच्या वर थोडंसं. म्हणून नियम सोपा: डोक्याचा घेर अधिक 8. 57 च्या डोक्याला 65 सेंमीचा टोप.

टोप सहा पाकळ्यांचा करायचा. 65 भागिले 6, म्हणजे प्रत्येक पाकळी तळाशी 10.8 सेंमी रुंद. उंची घेराच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे 16.3 सेंमी. पाकळीच्या कडा सरळ रेषेत निमुळत्या केल्या तर शिरस्त्राणाऐवजी विदूषकाची टोपी तयार होते. रुंदी अशी कमी होत जायला हवी:

तळाशी 10.8 सेंमी
4.1 सेंमी उंचीवर 10 सेंमी
8.1 सेंमी उंचीवर 7.7 सेंमी
12.2 सेंमी उंचीवर 4.1 सेंमी
16.3 सेंमीवर टोक

पाचही खुणा करून हाताने बाकदार रेषेने जोडा. वरचे शेवटचे तीनेक सेंमी बाकाऐवजी सरळ ठेवले आणि टोक अर्धा सेंमी वर नेलं, की टोपाला तो किंचित टोकदारपणा येतो. सातवी-आठवीतल्या मुलाचं डोकं 52 सेंमीचं असेल तर घेर 60, पाकळी 10 सेंमी रुंद आणि 15 सेंमी उंच. मधली मापं त्याच प्रमाणात: 9.2, 7.1, 3.8.

एवढ्याने टोप पुरेसा खोल होत नाही, तो नारळाच्या अर्ध्या करवंटीसारखा डोक्यावर नुसता टेकतो. म्हणून खाली 65 सेंमी लांब आणि 4 सेंमी उंच सरळ पट्टा जोडायचा. तुमची शीट 60 सेंमीची असेल तर पट्टा दोन तुकड्यांत करा आणि जोड कानांपाशी आणा. तिथे तो जाळीखाली आणि किनारीखाली झाकला जातो.

2. आधी कार्डशीटचा टोप

हा टप्पा टाळायचा मोह सगळ्यांना होतो. टाळू नका. मुलांच्या प्रोजेक्टसाठी मिळते ती कार्डशीट आणा, त्यातून सहाही पाकळ्या आणि पट्टा कापा, मास्किंग टेपने जोडा. डोक्यावर जुना टॉवेल एकपदरी गुंडाळा आणि त्यावर हा कागदी टोप घाला.

तपासणी: पट्ट्याची खालची कड भुवयांच्या बोटभर वर यावी. कानाच्या वरच्या टोकाला ती घासू नये. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मान न उचलता दिसलं पाहिजे. काही चुकलं तर कागदच बदलायचा आहे, फोम नाही.

जमलं की एक पाकळी सुटी करा आणि तिच्या दोन्ही कडांवर तळापासून दर 4 सेंमीवर आडवी खूण करा. हा तुमचा फर्मा. जोडताना खुणेला खूण लागली नाही, तर एक बाजू लांबते आणि टोप वाकडा होतो.

3. कापणं

फोमवर फर्मा ठेवून बॉलपेनने आखा, खुणा उतरवा आणि प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूला क्रमांक घाला. कटर काटकोनात उभा धरायचा. पातं तिरपं झालं की कड तिरकी होते आणि सांध्यात फट पडते, ती पुढे काही केल्या बुजत नाही. एका दमात कापू नका. पहिला हात फक्त ओरखडा, दुसरा अर्ध्यापर्यंत, तिसरा आरपार. फोम पात्याची धार फार लवकर खातो. कडेला दातेरी कुरतडल्यासारखं दिसायला लागलं, तर तो हाताचा दोष नाही, पातं संपलंय. टोक मोडा, पुढचं काढा. सहा पाकळ्यांत दोन-तीनदा मोडावं लागलं तर कंजूषी करू नका.

लहान मुलांना या टप्प्यावर आखायचं काम द्या, कटर नाही.

4. तापवणं (गोंदाच्या आधी, नंतर नाही)

सगळ्यात जास्त शिरस्त्राणं इथे बिघडतात. सपाट पाकळ्या आधी चिकटवायच्या आणि मग तापवून गोल करायच्या, असा उलटा क्रम लावला जातो. रबरी सोल्यूशन उष्णतेने मऊ होतं. तापवलेल्या टोपाचे सांधे ताणामुळे उघडतात आणि परत चिकटवले तरी रेषा राहते.

हीट गन फोमपासून 10 ते 15 सेंमीवर धरा आणि सतत हलवत ठेवा. आधी बाहेरची बाजू. मऊ, मखमली दिसणारा पृष्ठभाग तुमच्या डोळ्यांसमोर किंचित चमकदार होतो. ती चमक आली की पुढे सरकायचं. चमक येते म्हणजे वरची छिद्रं बंद झाली. थांबलात तर बुडबुडे येतात, आणि तसा डाग शेवटी रंगातूनही दिसतो. मग पाकळी उलटून आतली बाजू कोमट करा, लगेच फुटबॉलवर बाहेरची बाजू वर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबून धरा. गार होईपर्यंत सोडायची नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम आहे. बॉलवर एक जुना सुती रुमाल टाकलेला बरा.

पट्टाही असाच तापवून गोल करून घ्या, पण बॉलच्या मध्यरेषेवर.

तपासणी: सहाही पाकळ्या ओट्यावर पालथ्या ठेवा. एखादी सपाट पडत असेल तर परत तापवा. सगळ्यांचा बाक सारखा दिसल्याशिवाय सोल्यूशनचा डबा उघडायचा नाही.

5. चिकटवणं

गॅलरीत किंवा खिडक्या उघडून बसा. सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. त्या वेळी गॅस, उदबत्ती, देवघरातली समई काहीही चालू नको. हीट गनही प्लगमधून काढून ठेवा.

फोमची कापलेली कड पहिला हात पिऊन टाकते. म्हणून दोन्ही कडांना पातळ हात, तो सुकला की दुसरा. दुसऱ्यानंतर दहाएक मिनिटं थांबा. जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत आणखी जास्त, पावसाळ्यात गणपतीसाठी करत असाल तर त्याहून जास्त. बोटाची पाठ हलकेच लावून बघा. तार सुटली तर ओलं आहे. बोटाला न लागता नुसतं चिकट वाटलं की वेळ झाली.

आता घाई नको. हे सोल्यूशन ज्या जागी टेकतं तिथेच धरतं, सरकवता येत नाही. तळाची खूण तळाच्या खुणेला, मग पुढची, असं टोकाकडे जा. पाकळ्या एकामागोमाग एक गोल जोडत गेलात तर शेवटच्या फटीत सगळी चूक साचते. त्यापेक्षा तीन-तीन जोडून दोन अर्धे टोप करा. ते बॉलवर ठेवून बघा, आणि मग एकमेकांना जोडा. वर टोकापाशी सहा पाकळ्या क्वचितच नीट जुळतात. जुळल्या नाहीत तरी चालतं, तिथे शिखराचं, म्हणजे टोकावरच्या शंकूचं, बसकं येणार आहे.

पट्टा सर्वांत शेवटी. टोपाची खालची कड पट्ट्याच्या वरच्या कडेला टेकवून, कानाच्या जागेपासून सुरुवात करा.

सावधान: इथे फेविक्विकचा मोह आवरा. तो जोड कडक होतो, आणि फोम वाकला की काचेसारखा तडकतो.

6. डोक्यावर बसवणं, रंगाच्या आधी

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा टोप उभा राहिला की लोक थेट चंदेरी रंगाचा डबा उघडतात. थांबा. डोकं गोल नसतं, अंडाकृती असतं. समोरून मागे लांब, कानांच्या बाजूंनी अरुंद. गोल टोपात त्यामुळे कपाळाला आणि मागे जेमतेम 3 मिमीची जागा उरते आणि बाजूंना 2 सेंमीपर्यंत पोकळी राहते. सगळीकडे सारखी गादी लावली की कपाळ दुखतं आणि टोप डावी-उजवीकडे फिरतो. समोर-मागे पातळ फोम किंवा दोनपदरी सुती कापड, बाजूंना चटईच्या फोमचे दोन थर. माथ्यावर एक गोल तुकडा, म्हणजे वजन फक्त कपाळावर येत नाही.

हनुवटीचा पट्टा नुसत्या इलॅस्टिकचा नको. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे नायलॉनचा पट्टा आणि प्लास्टिकचं क्लिप मिळतं. टोपाच्या फोमपट्ट्याला दोन्ही बाजूंना चीर पाडा, नायलॉन आत ओढा आणि आतून रेक्झिनचा तळहाताएवढा तुकडा चिकटवा. नायलॉन नुसतं फोमला चिकटवलं तर पहिल्याच झटक्याला फोमचं वरचं साल घेऊन निघतं. मागे, जाळी जिथे येणार त्या भागात, पेन्सिलीएवढी चार-पाच भोकं पाडा. फोममधून घाम जिरत नाही.

तपासणी: मान ‘हो’ म्हणून हलवा, ‘नाही’ म्हणून हलवा, वाकून बुटाची नाडी बांधा. मग तोंड पूर्ण उघडून ‘जय भवानी’ ओरडा. पट्टा तोंड मिटून बांधला असेल तर घोषणेच्या वेळी गळा आवळतो. हे घरीच कळलेलं बरं.

7. नाकपट्टी, नळ्या, शिखर, नक्षी

मूळ नाकपट्टी लोखंडाची, वरखाली सरकणारी. आपली फोमची. दोन थर 2 मिमीचे, मध्ये कार्डशीट, खालची टोकं गोल. नाकापासून दीड सेंमी पुढे आणि नाकाच्या शेंड्याच्या वरच थांबलेली असू द्या. आत तार घालू नका. गर्दीत धक्का लागला तर ती डोळ्याकडे वळते. त्याच कारणासाठी शिखरही फोमचा शंकू हवा. लाकडी किंवा धातूचा नको.

तुऱ्यांच्या नळ्या नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्याच्या वर. जाड स्केचपेनचं नळकांडं कापून 2 मिमी फोममध्ये गुंडाळा.

पट्ट्याच्या किनारी मापून कापू नका, लावून कापा. बाहेरून घेर वाढलेला असतो. 65 सेंमीच्या पट्ट्यावर बाहेरून 67-68 सेंमीची पट्टी लागते. रिव्हेटांसाठी, म्हणजे खिळ्यांच्या गोल डोक्यांसाठी, राखीच्या सामानात मिळणारे सपाट पाठीचे अर्धे मोती लावा. थंबपिना टोचून कामं उरकणारे आहेत. त्या पिनांची टोकं आत कपाळाकडे असतात, एवढंच सांगतो.

कोफ्तगिरीची, म्हणजे पोलादावरच्या सोनेरी तारकामाची नक्कल पट्ट्यापुरतीच ठेवा. थ्रीडी आउटलायनरची नळी घ्या आणि मेंदीच्या कोनासारखी चालवून वेलबुट्टी उठावदार काढा. पूर्ण टोपभर काढलीत तर लांबून नुसता गोंधळ दिसतो.

8. सांधे आणि अस्तर

सांध्यांत ॲक्रिलिक सीलंट भरा आणि ओल्या बोटाने सपाट करा. भिंतीची पुट्टी आणि एम-सील दोन्ही नको. फोम लवचीक आहे, ती कडक होतात आणि भेगा पडतात. पॉलिश पेपरने हाताने घासायला जाल तर फोमची लव निघते. निघालीच तर हीट गनचा एक झटपट फटका मारा, बसते. फार रेंगाळलात तर सांधा सुटेल.

मग फेविकॉल. पहिला हात निम्मं पाणी घालून, पुढचे तीन-चार दाटसर, प्रत्येक पूर्ण सुकल्यावर. थंडीत टोप रात्री गॅलरीत ठेवू नका. फेविकॉल गारठ्यात पारदर्शक न होता पांढरट, पिठूळ राहतो आणि त्यावरचा रंग निघून येतो. दुपारच्या उन्हाच्या खोलीत ठेवा.

तपासणी: कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका आणि लगेच पुसा. शोषला गेला तर अजून एक हात.

9. रंग

आधी काळा, सगळीकडे. त्यावर चंदेरी, पण ब्रशने नाही. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि थापत जायचं. खोलगट जागी काळं राहू द्या. मग गडद तपकिरी रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे फिरवा आणि चिंधीने लगेच पुसून घ्या. मळ सांध्यांत अडकतो आणि लोखंड वापरातलं दिसतं. सोनेरी भागांखाली काळ्याऐवजी तपकिरी द्या, म्हणजे पितळेचा भास होतो. वरून पाण्यावरचं ॲक्रिलिक व्हार्निश द्या. थिनरवाली लॅकर चंदेरी रंगाची चमक मारते. आधी उरलेल्या फोमच्या तुकड्यावर करून बघा.

10. जाळी

खऱ्या कड्यांची जाळी विणायला वेळ लागतो आणि ती जड होते. त्या वजनाने फोमचा टोप मागे कलंडतो. नाटकवाल्यांची जुनी युक्ती हलकी आहे: राखाडी जाड लोकर, जाड सुया, सगळ्या ओळी सुलट. अशा विणकामात आडवे कंगोरे उठतात आणि चार हातांवरून ते कड्यांसारखे दिसतात. 45 सेंमी रुंद, 16-17 सेंमी लांब तुकडा विणून घ्या. घरात विणणारी मावशी-आत्या असेल तर तिला लोकर आधी नेऊन द्या, आदल्या दिवशी नाही. विणून झालं की चंदेरी रंग कोरड्या ब्रशने फक्त वरवर फिरवा. बुडवलंत तर पापड होतो.

जाळी चिकटवायची नाही. पट्ट्याच्या खालच्या कडेला 1 सेंमीवर ओळीने भोकं पाडून दुहेरी दोऱ्याने शिवा. म्हणजे घामट झाली की काढून धुता येते.

ठेवणं आणि नेणं

बॉलवर बसवून, सुती कापडात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवलं तर बाजू चपट्या होतात. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच सोडू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी इतकी तापते की सोल्यूशन सुटतं आणि पाकळ्या टोकापासून उमलतात. तसं झालंच तर जुनं सोल्यूशन बोटाने चोळून काढा, दोन्ही कडांना परत दोन हात द्या आणि थांबून दाबा. रंग फक्त त्या रेषेपुरता द्यावा लागतो.

आणि मिरवणुकीला जाता-येता दुचाकीवर हे शिरस्त्राण पिशवीत, डोक्यावर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट. फोम दिसतो लोखंडासारखा, पडल्यावर वागतो फोमसारखाच.